ब्राउझरमध्ये केलेली सही पीएचपीत पटतच नाही (वेब क्रिप्टो आणि ओपनएसएसएल)

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी, तीन रात्री डोकं खाल्लंय या प्रकरणाने म्हणून शेवटी इथे विचारतोय. सांगलीकडच्या एका पतसंस्थेसाठी छोटं वेब ॲप करतोय. शाखाधिकारी कर्जाचं व्हाउचर मंजूर करतात तेव्हा त्यांच्या ब्राउझरमध्येच त्या व्हाउचरवर डिजिटल सही व्हावी (ब्राउझरमधल्याच वेब क्रिप्टो या सोयीने) आणि पीएचपीत लिहिलेल्या सर्व्हरने ती तपासून घ्यावी, एवढंच काम आहे. सहीच्या कीची जोडी ब्राउझरमध्येच तयार होते, प्रायव्हेट की (सही करायची, गुप्त) बाहेर काढता येणार नाही अशी ठेवलीय, इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्याच साठवणीत. पब्लिक की (सही तपासायची) एसपीकेआय या ठरावीक फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट करून, पीईएम म्हणजे टेक्स्ट बनवून सर्व्हरला दिलीय.

सहीची पद्धत ईसीडीएसए, तिच्या गणिताचा कर्व्ह पी-२५६, हॅश (मेसेजचा ठरावीक लांबीचा गोषवारा) एसएचए-२५६. ब्राउझरमध्येच परत व्हेरिफाय केलं तर ट्रू येतं. तीच सही, तोच मेसेज, तीच पब्लिक की पीएचपीच्या ओपनएसएसएल व्हेरिफायला (ओपनएसएसएल लायब्ररीने सही तपासणारं फंक्शन) दिली की नापास. की नीट वाचली जातेय, तिथे एरर नाही. मेसेज दोन्हीकडे बाइट न् बाइट तपासला, सेम आहे. नोडमध्ये (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) करून बघितलं तर तिथेही फॉल्स. म्हणजे ब्राउझर एकटा म्हणतो बरोबर आणि बाकी सगळे म्हणतात चूक, आता विश्वास कुणावर ठेवायचा?

सही बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची रीत) करून पाठवतोय, ८८ अक्षरं येतात. कुणाला काही सुचतंय का?

पाटाचं पाणी | सोमवार, रात्री ११.५८

बेस६४ उलगडून सहीचे बाइट मोजा. ६४ भरले तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १२.०४

हो दादा, बरोबर ६४. दहा वेळा केली, दहाही वेळा ६४. पण ६४ असण्यात चूक काय, पी-२५६ म्हणजे ३२ बाइटचे दोन आकडे, ६४च व्हायला पाहिजेत ना?

निळी शाई | मंगळवार, सकाळी ७.३०

चूक काही नाही, ब्राउझर पण बरोबर आहे आणि ओपनएसएसएल पण बरोबर आहे. दोघांनी एकच सही दोन वेगळ्या पाकिटांत घातलीय आणि समोरचा पाकीट बघूनच परत पाठवतोय, आतली सही त्याने वाचलेलीच नाही. जरा सविस्तर लिहिते कारण हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी येतो.

ईसीडीएसएची सही म्हणजे दोन मोठे आकडे, आर आणि एस. ते पाठवायचे कसे यावर दोन पद्धती पडल्या. एक म्हणजे आर आणि एस, दोन्ही बरोबर ३२-३२ बाइटचे करून शेजारी शेजारी ठेवायचे, मध्ये काही नाही, याला पी१३६३ फॉरमॅट म्हणतात, आयईईईच्या १३६३ या स्टँडर्डवरून. वेब क्रिप्टो हे देतं. जेडब्ल्यूटीमधला (सही केलेलं टोकन असतं ते) ईएस२५६ पण हेच वापरतो. डॉटनेट पण बाय डिफॉल्ट हेच देतं.

दुसरी पद्धत डीईआर. त्यात एएसएन.१ या डेटा बांधायच्या स्टँडर्डच्या नियमाने दोन इंटिजर एका सिक्वेन्समध्ये बांधतात. हेक्समध्ये (सोळाच्या पायाने) बघितलंत तर पहिला बाइट ३०, मग पुढच्या सगळ्याची लांबी, मग ०२, आरची लांबी, आर, परत ०२, एसची लांबी, एस. ओपनएसएसएल हे मागतं, म्हणून पीएचपी हे मागतं, जावाचं नेहमीचं ईसीडीएसए हे मागतं, पायथनचं क्रिप्टोग्राफी पॅकेज हे मागतं, नोडपण डिफॉल्टला हेच. या फॉरमॅटची पी-२५६ ची सही साधारण ७०, ७१ किंवा ७२ बाइट भरते, एकच लांबी कधीच नाही. म्हणून पाटाचं पाणी यांनी पहिल्यांदा बाइट मोजायला सांगितले. ६४ दिसले की पी१३६३, ७०च्या आसपास आणि सुरुवात ३० ने असेल तर डीईआर.

लांबी बदलते का तर डीईआरमधला इंटिजर चिन्हासकट असतो, म्हणजे पहिल्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट १ असला की तो आकडा ऋण समजला जातो. आर आणि एस कधी ऋण नसतात, म्हणून तसं झालं तर पुढे एक शून्य बाइट लावायचा. दोघांनाही लागला तर ७२, एकालाच लागला तर ७१, कुणालाच नाही तर ७०.

नोडमध्ये तुम्हाला काहीच बदलायला नको, व्हेरिफाय करताना की सोबत डीएसए एन्कोडिंग म्हणून एक ऑप्शन देता येतो, तिथे आयईईई-पी१३६३ लिहा, लगेच ट्रू येईल, आत्ताच करून बघा म्हणजे मनातली शंका जाईल. जावा ९ पासून पी१३६३ साठी वेगळं अल्गोरिदमचं नाव आहे, डॉटनेट ५ पासून सहीचा फॉरमॅट सांगायची सोय आहे. पीएचपीच्या ओपनएसएसएल व्हेरिफायमध्ये मात्र ६४ बाइटचं हाताने डीईआर करून देणं हाच सरळ रस्ता, दहा-बारा ओळींचं काम आहे.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ९.१५

ताई, नोडमध्ये तो ऑप्शन दिला आणि ट्रू आलं!! तीन रात्रींनंतर पहिल्यांदा ट्रू बघितलं. आता पीएचपीत कन्व्हर्जन लिहितो. मनापासून आभार.

शाळकरी कोडर | मंगळवार, दुपारी १.२०

मध्येच एक शंका विचारतो, मी शिकतोय अजून. मी एकाच मेसेजवर एकाच कीने दोनदा सही केली तर दोन वेगळ्या सह्या आल्या. मी दोन सह्या स्ट्रिंग म्हणून तुलना करून तपासत होतो, मग ते कधीच जुळणार नाही का?

निळी शाई | मंगळवार, दुपारी १.४५

नाही जुळणार आणि जुळू पण नये. ईसीडीएसएत प्रत्येक सहीसाठी एक नवा गुप्त रँडम आकडा लागतो, म्हणून सही दरवेळी वेगळी. तो आकडा दोन सह्यांसाठी एकच वापरला तर त्या दोन सह्यांवरून प्रायव्हेट की गणिताने काढता येते. २०१० च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत प्लेस्टेशन ३ बद्दल हेच दाखवलं होतं, तिथे तो आकडा दरवेळी तोच होता. आरएफसी ६९७९ या इंटरनेटच्या जाहीर दस्तऐवजात हा आकडा मेसेज आणि की यांवरूनच काढायची रीत दिलीय, तसं करणाऱ्या लायब्ररीत सही दरवेळी सेम येते. पण तुमचं टूल कुठलंही असो, सही तुलना करून तपासायची नसते, व्हेरिफाय फंक्शनलाच द्यायची.

तुंगभद्रा | मंगळवार, दुपारी ३.१०

बंगळूरहून लिहितोय. ईसीडीएसएच्या नादी लागू नका, आरएसए (सहीची दुसरी, जुनी पद्धत) घ्या असं मी सांगणार होतो पण खरं सांगायचं तर आरएसएमध्ये माझा एक अख्खा आठवडा गेला होता, त्यामुळे तेच लिहितो.

आमच्याकडे ब्राउझरमध्ये आरएसए-पीएसएस (पीएसएस म्हणजे सहीआधी हॅशला भर घालायची, पॅडिंगची, एक रीत) आणि मागे जावा. की २०४८ बिट, सही २५६ बाइट, दोन्हीकडे सेम, त्यामुळे बाइट मोजून काहीच कळत नाही, हे फार वाईट. पीएसएसमध्ये सॉल्ट नावाचे रँडम बाइट मिसळतात आणि त्याची लांबी किती हे प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवलंय. वेब क्रिप्टो तुम्हालाच विचारतं, आम्ही ३२ दिले होते कारण एसएचए-२५६ चा हॅश ३२ बाइटचा. जावाच्या पीएसएसची डिफॉल्ट सेटिंग घेतली तर हॅश एसएचए-१, आतलं मास्क फंक्शनही एसएचए-१ आणि सॉल्ट २०. आम्ही हॅश बदलला, सॉल्ट बदलला, मास्कमधला हॅश बदलायचा राहिला, तो वेगळा द्यावा लागतो हे लक्षातच आलं नाही. नोडमध्ये सही करताना सॉल्ट डिफॉल्टला जास्तीत जास्त लांबीचा घेतला जातो, २०४८ बिट आणि एसएचए-२५६ असेल तर तो २२२ बाइट भरतो, आणि व्हेरिफाय करताना मात्र नोड लांबी आपोआप ओळखतो. त्यामुळे नोडला सगळ्यांच्या सह्या पटतात आणि नोडची सही कडक तपासणाऱ्याला पटत नाही, अशी एकतर्फी गंमत होते.

आणि पीएचपीवाल्यांनी हे पण लक्षात ठेवा, पीएचपीसेकलिब ही लायब्ररी डिफॉल्टला पीएसएस करतं आणि पीएचपीचं ओपनएसएसएल व्हेरिफाय नेहमीचं जुनं पीकेसीएस१ पॅडिंग धरतं. दोन्ही आरएसए, दोन्ही एसएचए-२५६, तरी एकमेकांना पटणार नाहीत.

जावा असेल तर आवृत्ती पण बघा. १५ ते १८ या आवृत्त्यांत ईसीडीएसए तपासताना आर आणि एस दोन्ही शून्य असलेली सही कुठल्याही मेसेजला चालून जायची. नील मॅडन यांनी ते शोधलं आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये दुरुस्ती आली. दुरुस्ती न केलेला सर्व्हर अजून कुठे असेल तर तिथे सही असून नसल्यासारखी.

पाटाचं पाणी | मंगळवार, दुपारी ४.००

नव्याने सुरू करत असाल तर एड२५५१९ ही सहीची पद्धत घ्या. सही कायम ६४ बाइट, पब्लिक की ३२ बाइट, फॉरमॅटचा वाद नाही, सॉल्ट नाही, रँडम आकड्याची भीती नाही. पीएचपीत ७.२ पासून सोडियम ही त्यासाठीची लायब्ररी आतच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, ब्राउझरने दिलेली एसपीकेआय की ४४ बाइटची असते आणि सोडियमला शेवटचे ३२च हवे असतात.

कृष्णाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण काही शाखांमध्ये जुने ब्राउझर आहेत, तिथे वेब क्रिप्टोत एड२५५१९ मिळत नाही. सध्या पी-२५६ वरच राहतो. कन्व्हर्जन लिहिलं, पीएचपीत पास झालं! उद्या दोन शाखांत चालू करतोय.

कृष्णाकाठ | पुढच्या आठवड्यात, शुक्रवार, रात्री १०.१५

परत आलो. चालू करून दहा दिवस झाले, साधारण बाराशे सह्या झाल्या. त्यातल्या पाच सर्व्हरने नाकारल्या. विचित्र म्हणजे शाखाधिकाऱ्यांनी तेच व्हाउचर परत उघडून परत बटण दाबलं की लगेच पास. पाचही वेळा असंच. मला वाटलं नेटवर्क, पण लॉगमध्ये बेस६४ पूर्ण आहे, ६४ बाइट आहेत. त्या पाच सह्या मी नोडला दिल्या तर नोड म्हणतो ट्रू. म्हणजे सही खरी आहे आणि माझाच सर्व्हर नाकारतोय.

निळी शाई | शुक्रवार, रात्री १०.४०

"परत बटण दाबलं की पास" यातच सगळं आलं. दरवेळी नवी सही, नवे आकडे, आणि तुमच्या कन्व्हर्जनला काही ठरावीक आकडे झेपत नाहीत. त्या पाच सह्यांचे पहिले दोन बाइट आणि ३३वा-३४वा बाइट हेक्समध्ये टाका इथे.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री १०.५५

पाहिलं. तिघांची सुरुवात ०० ने होतेय, त्यांचा दुसरा बाइट ४१, १७, ६९ असा. उरलेल्या दोघांचा ३३वा बाइट ००, पुढे ०३ आणि ५२.

निळी शाई | शुक्रवार, रात्री ११.२०

मिळालं. तुम्ही वरचा बिट बघून पुढे शून्य लावणं केलंय पण आधीपासून असलेली शून्यं काढणं राहिलंय, बरोबर ना? डीईआरचा नियम असा की आकडा कमीत कमी बाइटांत लिहायचा. पी१३६३ मध्ये उलट, ३२ भरायलाच पाहिजेत म्हणून लहान आकड्याच्या पुढे शून्यं भरतात. तर आधी पुढची सगळी शून्यं काढायची, मग उरलेल्याचा वरचा बिट बघायचा, लागलं तर एकच शून्य लावायचं, क्रम हाच. फालतू शून्य राहिलं तर ओपनएसएसएल ती सही नाकारतं, आणि ते योग्यच करतं, कारण एकच सही चार प्रकारे लिहिता आली तर त्यातून वेगळी भानगड उभी राहते.

आता हिशेब बघा. पहिला बाइट शून्य असण्याची शक्यता २५६ त एक, आणि दुसरा बाइट १२८ पेक्षा लहान असण्याची निम्मी (मोठा असेल तर ते शून्य लागतंच, म्हणून तुमचं चुकून बरोबर येत होतं). म्हणजे ५१२ त एक, आणि आकडे दोन म्हणून २५६ सह्यांमागे एक. बाराशेला २५६ ने भागा, पाचच्या जवळ येतं.

शून्यं काढायला पीएचपीचं एलट्रिम वापराल तर जपून. त्याला दुसरा पॅरामीटर दिला नाही तर ते शून्य बाइटसोबत स्पेस, टॅब, नवी ओळ हे पण काढतं, आणि सहीच्या आकड्यात २० किंवा ०ए हा बाइट पहिला येऊ शकतो, तो खरा आकडा आहे, स्पेस नाही. फक्त शून्य बाइट काढ असं स्पष्ट सांगा. साधं ट्रिम तर अजिबात नको, ते मागूनही कापतं.

शाईची दौत | शनिवार, सकाळी ८.०५

सगळा धागा वाचला. एक गोष्ट कुणी विचारली नाही म्हणून विचारते, कृष्णाकाठ, ओपनएसएसएल व्हेरिफायचं उत्तर तुम्ही कसं तपासताय? नुसतं इफमध्ये टाकलंय का?

हे फंक्शन बरोबर असेल तर १ देतं, चूक असेल तर ०, आणि आत काही एरर आली तर उणे १ किंवा फॉल्स देऊ शकतं. पीएचपीत उणे १ म्हणजे खरं! नुसतं इफ लिहिलं तर वेडीवाकडी, वाचतासुद्धा न येणारी सही "पास" होऊ शकते. पतसंस्थेचं कर्ज मंजूर होतंय या सहीवर, लोकांच्या ठेवी आहेत मागे, म्हणून कळकळीने सांगते की तीन बरोबरची चिन्हं टाकून १ शीच तुलना करा. हा घोळ फक्त नवशिक्यांचा नाही, ओपनएसएसएलच्या स्वतःच्या कोडमध्ये हीच चूक होती, सही तपासणाऱ्या फंक्शनचं उणे १ हे उत्तर बरोबर समजलं जायचं, २००९ च्या जानेवारीत त्याची दुरुस्ती आली आणि सोबत इतरही काही सॉफ्टवेअरना तीच दुरुस्ती करावी लागली.

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ९.४०

ताई, नव्या कोडमध्ये तीन चिन्हं टाकून १ शीच तुलना होती. पण तुमचं वाचून सगळा प्रोजेक्ट शोधला तर जुन्या रिपोर्टच्या एका पानावर नुसतं इफ सापडलं. आत्ताच बदललं. मनापासून धन्यवाद, हे मला कधी दिसलंच नसतं. आणि शून्यांचं पण दुरुस्त केलं, त्या पाचही सह्या आता पास होतायत.

मांडवी | शनिवार, सकाळी ११.३०

पणजीहून. मी जीएसटी ई-इनव्हॉइसचे क्यूआर तपासायचं एक छोटं टूल केलं होतं, त्यातला अनुभव इथे उपयोगी पडेल. तो क्यूआर म्हणजे सही केलेला जेडब्ल्यूटी असतो, आरएस२५६, तीन तुकडे, मध्ये दोन टिंबं. मी काय केलं, मधला तुकडा उलगडला, जेसन (टेक्स्टमध्ये लिहिलेला डेटा) वाचला, परत जेसन बनवला आणि त्यावर सही तपासायला गेलो. एकदाही पास नाही. सही झालेली असते ती पहिले दोन तुकडे आणि मधलं टिंब, जसं छापलंय तसं, त्या अक्षरांवर. उलगडायचंच नाही, आधी तपासायचं आणि मग उलगडायचं.

दुसरं, जेडब्ल्यूटीतलं बेस६४ वेगळं असतं, अधिकच्या चिन्हाच्या जागी आडवी रेघ, तिरक्या रेघेच्या जागी खालची रेघ, आणि शेवटची बरोबरची चिन्हं नाहीत. पीएचपीचं बेस६४ डीकोड बाय डिफॉल्ट न ओळखलेली अक्षरं गुपचूप टाकून देतं, एरर नाही, वॉर्निंग नाही. सहीत एक जरी आडवी रेघ असली तर पुढचे सगळे बाइट सरकतात. स्ट्रिक्ट ट्रू द्या म्हणजे निदान फॉल्स तरी मिळेल. आणि साधं बेस६४ फॉर्ममधून पाठवताना नीट एन्कोड केलं नाही तर अधिकचं चिन्ह सर्व्हरवर स्पेस होऊन उतरतं, तेही बघा.

तुंगभद्रा | शनिवार, दुपारी १२.१०

आणि टर्मिनलवर तपासताना इको वापरला तर शेवटी नवी ओळ लागते, मेसेज एक बाइटने वाढतो, सही नापास. प्रिंटएफ वापरा.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९.००

आता तिसरं प्रकरण, आणि हे सगळ्यात अवघड वाटतंय.

सर्व्हरवर रोज रात्री एक तपासणी चालते. दिवसभरात मंजूर झालेली व्हाउचर डेटाबेसमधून काढायची, परत जेसन बनवायचा आणि सही परत तपासायची, म्हणजे मधल्या काळात कुणी रक्कम बदलली असेल तर कळेल. सबमिट करताना पास झालेल्या सह्यांपैकी १४ सह्या रात्रीच्या तपासणीत नापास झाल्या. मला आधी धडकीच भरली की खरंच कुणी डेटाबेसमध्ये हात घातला की काय. पण रक्कम तीच, तारीख तीच, खातं तेच. मग यादी नीट बघितली तर जवळजवळ सगळी कुऱ्हाडे, पऱ्हाड, बऱ्हाटे, आणि पत्त्यात कऱ्हाड. एक मात्र वेगळं आहे, साधं आडनाव. बाकी शेकडो मराठी नावं पास होतायत, त्यामुळे युनिकोड एस्केपचा (अक्षराऐवजी त्याचा क्रमांक लिहिला जाण्याचा) प्रश्न नाही, पीएचपीत युनिकोड आणि तिरक्या रेघा एस्केप करू नको असे दोन्ही फ्लॅग दिलेत.

निळी शाई | बुधवार, रात्री ९.३५

डेटाबेसमध्ये टाकण्याआधी नावावर काही प्रक्रिया करता का? नॉर्मलायझेशन, अदृश्य अक्षरं काढणं, असलं काही?

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९.४०

हो, शोध नीट चालावा म्हणून एनएफसी नॉर्मलाइझ करतो (युनिकोडमध्ये एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असलं तर एकसारखं करणं). आणि एका जुन्या फंक्शनमध्ये झिरो-विड्थ अक्षरं काढून टाकलीत, कॉपी-पेस्टमधून येतात म्हणून. आणि हो, आता तुम्ही म्हणताय तर दिसतंय, डेटाबेसमध्ये काही ठिकाणी कुऱ्हाडेचं "कुर्हाडे" झालंय, रफार वर गेलाय!

निळी शाई | बुधवार, रात्री १०.२५

हा खास आपला मराठीचा प्रश्न आहे, हिंदीवाल्यांना हा सहसा भेटत नाही, म्हणून इंग्रजी साइटवर शोधून सापडला नसता.

ऱ्य, ऱ्ह मधला तो आडवा अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिला जातो आणि पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. एक, युनिकोडचं स्वतंत्र ऱ (०९३१) आणि पुढे हलन्त. दोन, साधा र (०९३०), त्याला नुक्ता (०९३सी) आणि मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि पुढे झिरो-विड्थ जॉइनर (२००डी), म्हणजे रफार करू नको अशी खूण. कुठला प्रकार येणार हे शाखेतला माणूस कुठल्या कीबोर्डवर टाइप करतो त्यावर.

आता तुमच्या दोन प्रक्रिया बघा. एनएफसी केलं की दुसऱ्या प्रकाराचं पहिलं होतं, सहा बाइटांचे तीन होतात, दिसायला काहीच फरक नाही. तिसऱ्या प्रकारातला जॉइनर तुमचं जुनं फंक्शन काढून टाकतं आणि मग र उडी मारून रफार होतो. दऱ्याचं दर्या व्हायचं, दरीचा समुद्र! म्हणजे तुम्ही लोकांची नावंच बदलताय, सही बाजूला राहू द्या, ते फंक्शन आधी बंद करा. सहीने तर उलट तुम्हाला दाखवून दिलं की नाव बदललंय.

मांडवी यांनी वर लिहिलंय तेच इथे लागू. सही अर्थावर होत नसते, बाइटवर होते. ब्राउझरने ज्या स्ट्रिंगवर सही केली ती स्ट्रिंग जशीच्या तशी पाठवा, सर्व्हरवर वेगळ्या कॉलममध्ये बायनरी म्हणून जशीच्या तशी ठेवा, सही त्यावरच तपासा. शोधासाठी नाव नॉर्मलाइझ करायचंय तर त्याची वेगळी प्रत ठेवा. रात्रीच्या तपासणीत दोन कामं: मूळ बाइटवर सही पास होतेय का, आणि त्या बाइटांमधून वाचलेली रक्कम, खातं, तारीख बाकीच्या कॉलमशी जुळतेय का.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०.५०

पुढच्यांसाठी करतो. पण या १४ जणांचं काय, मूळ स्ट्रिंग मी ठेवलीच नव्हती. सगळ्यांकडून परत सही घ्यायची म्हटलं तर तारीख बदलते, आणि त्यातले एक शाखाधिकारी गेल्या आठवड्यात रिटायर झालेत.

पाटाचं पाणी | बुधवार, रात्री ११.१५

परत सही कशाला? मूळ बाइट शोधून काढा. प्रत्येक ऱ्ह साठी तीनच शक्यता आहेत. नावात एक असेल तर तीन, नावात आणि पत्त्यात मिळून दोन असतील तर नऊ, तीन असतील तर सत्तावीस. प्रत्येक स्ट्रिंग बनवून सही तपासायची, काही मिलिसेकंदांचं काम आहे.

शाळकरी कोडर | बुधवार, रात्री ११.२५

पण असं हवं ते बदलून जुळवणं म्हणजे फसवणूक नाही का होणार?

पाटाचं पाणी | बुधवार, रात्री ११.३५

चांगला प्रश्न. नाही होत, कारण प्रायव्हेट की आपल्याकडे नाहीच, ती त्या अधिकाऱ्याच्या ब्राउझरमध्ये. आपण सही बनवत नाही, सही झालेला कागद कुठला होता ते ओळखतोय. एखाद्या स्ट्रिंगवर सही पास झाली म्हणजे त्या माणसाने त्याच बाइटांवर सही केली होती, दुसरा अर्थ निघत नाही. रकमेत एक रुपया बदललात तर सात जन्म प्रयत्न करून जुळणार नाही. फक्त कुठल्या १४ व्हाउचरसाठी काय केलं ते लिहून ठेवा, ऑडिटरला दाखवायला.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री १.१०

१४ पैकी १३ जुळली. आठ नुक्तावाली, पाच जॉइनरवाली. स्क्रिप्ट चालायला एक सेकंदही लागला नाही. एक राहिलंय, ते साधं आडनाव, त्यात ऱ नाहीच.

शाईची दौत | गुरुवार, सकाळी ७.५०

नाव साठवताना मागचीपुढची स्पेस काढता का?

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ८.२०

आडनावानंतर एक स्पेस होती ताई. चौदावं पण जुळलं.